वासी उत्तरायणानंतरचे दहा दिवस

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. पावसाळ्यात ओल्या ओट्यावरून पाय घसरला, पडता पडता उजव्या हाताने कठडा धरला आणि त्या एका हिसक्यात, वयाने आधीच झिजलेली खांद्यातली कंडरा हाडापासून सुटली. खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचा मिळून जो पट्टा असतो त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातली सर्वांत वरची, सुप्रास्पिनॅटसची, डॉक्टरांनी दुर्बिणीतून हाडात अँकर बसवून पुन्हा शिवली. त्यानंतर ६ आठवडे हात उशी लावलेल्या झोळीत होता आणि रात्री पलंगाऐवजी आरामखुर्चीत निघत होत्या. यांनी माझी वेणी घालायला शिकून घेतले, मात्र ती शेवटपर्यंत डावीकडेच कलत राहिली.

झोळी सुटल्यावर ज्या व्यायामावर माझा जीव जडला तो म्हणजे भिंत चढणे. भिंतीसमोर उभे राहायचे आणि बोटे कोळ्याच्या पायांसारखी एकेक करून वर सरकवायची. जिथे थांबतील तिथे हे पेन्सिलीने बारीक रेघ मारून तारीख लिहीत, जशी आम्ही मुलांच्या उंचीची मारत असू. डिसेंबरअखेर ती रेघ माझ्या कपाळाच्या वर गेली होती आणि फिजिओथेरपिस्टच्या कोनमापकावर हात १३० अंशांपर्यंत उचलला जात होता.

मग उत्तरायण आले. बडोद्यात राहून १४ जानेवारीला गच्चीवर जायचे नाही, हे पथ्य पाळणारा रुग्ण मी तरी पाहिलेला नाही. सकाळी घरी तिळगूळ, दुपारी शेजाऱ्यांचा उंधियो आणि जिलेबी, असा आम्हां मराठी घरांचा दोन्हीकडचा सण असतो. मी पतंग उडवणार नव्हतेच. डाव्या हातात फिरकी धरून खुर्चीवर बसण्याची परवानगी मी स्वतःच स्वतःला दिली होती. पहिला दिवस बरा गेला. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी नातवाने समोरच्या गच्चीवरचा पतंग कापला, सगळे ‘काप्यो छे!’ म्हणून ओरडले आणि माझा उजवा हात मला न विचारता डोक्यावर गेला. खांद्यात काहीतरी चटकन वाजल्यासारखे वाटले आणि दंडापर्यंत कळ उतरली. फिरकी खाली पडून गच्चीभर घरंगळत गेली.

त्या रात्री मी मनाशी पक्के केले की शिवण उसवली. डॉक्टरांना फोन करायला हवा होता, पण फोन केला की ते पुन्हा शस्त्रक्रिया सांगतील, ही भीती फोनपेक्षा मोठी होती. मी कपाटातली झोळी काढली आणि गुपचूप हात त्यात घातला. व्यायाम बंद केला आणि फिजिओथेरपीला ‘घरात पाहुणे आहेत’ असे कळवले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो हे ठीक, पण मी तर पाणीही प्यायचे सोडले होते. शेजारच्या आजोबांनी आखाड्यात जाऊन खांदा बसवून घेण्याचा सल्ला दिला. दांडिया बाजाराच्या परिसरात वाढलेल्या त्यांच्या पिढीला हाडाचे दुखणे म्हटले की जुम्मादादांचे व्यायाम मंदिर आणि हाड बसवण्यात वाकबगार असलेले राजरत्न माणिकराव आठवतात, आणि त्या परंपरेविषयी मलाही आदर आहे. पण माझे हाड निखळलेले नव्हते, टाक्यांनी धरलेली कंडरा होती, आणि तिच्यावर तेल लावून जोर देणे हा उपाय नव्हे, एवढे भान त्या अवस्थेतही शिल्लक होते.

दहाव्या दिवशी यांनीच वेळ घेतली आणि मला रिक्षात बसवले. सोनोग्राफीत शिवण शाबूत निघाली. पतंगाच्या वेळची कळ ही एका अचानक हिसक्याने चिडलेल्या, सुजलेल्या भागाची होती आणि चार-पाच दिवस जपून, बर्फाने शेकून ती उतरली असती. खरे नुकसान वेगळेच होते. कोनमापक ९५ अंशांवर थांबला. शस्त्रक्रियेनंतर सांध्याभोवतीचे आवरण आधीच आखडू पाहत असते, मधुमेह असलेल्यांमध्ये ते अधिक आखडते, आणि मला मधुमेह आहे. दहा दिवस हात बांधून ठेवून मी त्याला आयतीच संधी दिली होती. पहिले पाढे पंचावन्न म्हणतात ते हेच.

डॉक्टर रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी एवढेच विचारले की दुसऱ्या कुणी हात धरून वर नेला तर तो जातो का. जात नव्हता, तिथेही अडत होता. मग त्यांनी समजावले की दुसऱ्याच्या आधाराने हात सहज वर जातो पण स्वतःच्या ताकदीने उचलत नाही, तेव्हा कंडरा पुन्हा फाटल्याची शंका घेऊन तपासायचे, आणि दोन्ही प्रकारे एकाच जागी अडतो तेव्हा बहुधा आखडलेपण असते. हे घरी बसून ठरवायचे नसते, पण हा फरक मला आधी कुणी सांगितला असता तर त्या दहा रात्री मी छताकडे पाहत काढल्या नसत्या, असे मला आजही वाटते. शस्त्रक्रियेनंतर हातात दिलेल्या कागदावर व्यायामांची चित्रे होती, मागे गेल्यास काय करायचे याची एक ओळही नव्हती.

पुढचे ७ आठवडे कंटाळवाणे होते आणि त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. सकाळी गरम पाण्याची पिशवी, मग दारावरच्या कप्पीची दोरी, मग काठी, मग भिंत. फिजिओथेरपिस्ट मुलगी हात वर नेताना दर वेळी ‘मासी, हाथ ढीलो मूको’ म्हणत असे, आणि हात ढिला सोडणे हेच सर्वांत कठीण होते, कारण वेदना येण्याआधीच माझा खांदा कानाला भिडलेला असे. साखरेकडेही मी जरा लक्ष दिले. मार्चच्या मध्याला हात पुन्हा १३० अंशांवर आला. मे महिन्यात रबरी पट्ट्याचे व्यायाम उत्साहाने दुप्पट केल्यामुळे दंडाच्या पुढच्या बाजूला दुखू लागले, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी फोन केला, पट्टा चार दिवस बाजूला ठेवला आणि भिंत मात्र एकही दिवस सोडली नाही.

भिंतीवर आता दोन शिड्या दिसतात. डिसेंबरची रेघ वर आहे, तिच्याखाली जवळजवळ वीतभर अंतरावर २५ जानेवारी असे लिहिले आहे, आणि तिथून पुन्हा वर चढत गेलेल्या तारखा जुन्या तारखांच्या अधेमधे बसल्या आहेत. हे म्हणत होते की गोंधळ होतो, जानेवारीची खोडून टाकू. मी खोडू दिली नाही. कालची रेघ डाव्या हाताच्या रेघेपेक्षा दोन बोटे खाली आहे, आणि फडताळातल्या दुसऱ्या फळीवरचा साखरेचा डबा मी उजव्या हाताने काढते, तिसऱ्या फळीवरचा गुळाचा अजून यांनाच काढावा लागतो.