पडलो नाही, पाय घसरला

जुलैतली रात्र, साडेतीनचा सुमार. लघवीला उठलो होतो. पलंगावरून उतरून सात-आठ पावलं टाकली असतील, तोच डोळ्यांपुढे अंधारी आली. आधारासाठी हात चौकटीकडे गेला, पण चौकट काही हाताला लागली नाही. बाथरूमच्या दारात आडवा झालो. डावं कोपर सोललं, खांद्याला मार बसला. आवाज ऐकून सून धावत आली, तेव्हा मी पडल्यापडल्याच म्हणालो, "काही नाही गं, पाय घसरला."

तिने दिवा लावला आणि वाकून फरशीवर हात फिरवला. फरशी खडखडीत कोरडी होती.

त्या रात्री ती काही बोलली नाही. सकाळी मात्र चहाबरोबरच फर्मान आलं, "नाना, डॉक्टरांकडे जायचंय."

माझं वय सत्त्याहत्तर. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून उभी हयात गेली. सातारा जिल्ह्यातले बांध, ओढे, टेकड्या पायाखाली घातल्या. लोकांची जमीन मोजणाऱ्या माणसाला कोणी टेप लावून मोजेल, ही कल्पनाच मला रुचत नव्हती. पण आमच्या डॉक्टरांनी हाड शाबूत असल्याची खात्री केली आणि मोठ्या दवाखान्यातल्या ज्येष्ठांच्या ओपीडीची चिठ्ठी दिली. वर बजावलं, "घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. रोजची चप्पल घालून जा. चष्मा आणि काठी विसरू नका." काठी मी तोवर फक्त कुत्र्यांसाठी बाळगत होतो, निदान सांगायचो तरी तसंच.

ओपीडीत गेलो तर नुकतीच फरशी पुसलेली, आणि बाकांना हात नाहीत. म्हाताऱ्यांचा तोल तपासायची जागा ही! ते असो. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिने "आजोबा" म्हणताच माझ्या कपाळाला आठी पडली असावी, कारण पुढच्या वाक्याला मी "काका" झालो होतो.

पहिला प्रश्न साधाच होता. "काका, गेल्या वर्षभरात कधी पडलात का?"

"नाही," मी म्हणालो. "एकदा पाय घसरला, तेवढंच."

मोजणीच्या वेळी लगतधारकाचा, म्हणजे शेजारच्या जमीनमालकाचा, जबाब घेतात, तशी तिने सुनेकडे मान वळवली. सुनेने बोटांवर मोजायला सुरुवात केली. संक्रांतीच्या सुमाराला गच्चीच्या जिन्यावर. (मी: "तिथे पायरी चुकली होती.") मे महिन्यात लग्नाच्या हॉलबाहेर. ("तिथे तोल गेला, पण मला धरलं होतं लोकांनी.") आणि आता ही जुलैतली. घसरणं, पायरी चुकणं, तोल जाणं, ठेच लागणं... मराठीत न पडता खाली येण्याचे किती प्रकार आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. मुलीने शांतपणे लिहून घेतलं, "पडणे: तीन." मग विचारलं, "चालताना डळमळल्यासारखं होतं? पडायची भीती वाटते?" भीतीचं उत्तर मी दिलं नाही. सुनेने दिलं, "आजकाल एकटे मंडईत जात नाहीत." हे तिच्या लक्षात आलं असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

मग चालायची परीक्षा. हातांची खुर्ची, तिच्या पायांपासून बरोबर तीन मीटरवर जमिनीला रंगीत पट्टी. आमची जुनी साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. त्या हिशोबाने हे अंतर पावणेपाच आणे. पावणेपाच आण्यांत माझी काय परीक्षा घेणार, असं मनात आलं. "जा" म्हटलं की उठायचं, पट्टीपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळ ती लावणार. मी ताठ होऊन तरातरा निघालो तसं तिने थांबवलं, "काका, शर्यत नाहीये. घरात चालता तसंच चाला."

घरच्या चालीने सतरा सेकंद लागले. ती म्हणाली, बारा किंवा त्याहून जास्त लागले की आम्ही जपून पाहतो. पण माझं लक्ष आकड्यावर होतं आणि तिचं भलतीकडेच. ती पाहत होती मी उठताना खुर्चीचे हात दाबतो का, पहिलं पाऊल टाकण्याआधी थबकतो का, वळताना किती पावलं घेतो, पाय उचलतो की फरफटतो. वळायला मला सात छोटी पावलं लागली, वळण लावताना बैलगाडीला लागतात तशी. आणि बसताना मी शेवटचं चार बोटांचं अंतर बसलोच नाही, नुसता कोसळलो.

पुढचा प्रकार मला जास्त लागला. "आता तेच चालायचं, पण शंभरातून तीन-तीन वजा करत, मोठ्याने." मला हसू आलं. एकर-गुंठ्यांचे हिशोब मी आयुष्यभर तोंडी केलेत. उठलो. शंभर, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, एक्क्याण्णव... आणि अठ्ठ्याऐंशीला मी चक्क उभा राहिलो. आकडा बरोबर होता, पाय थांबले होते. सून म्हणाली, "सकाळी फिरताना पण नाना बोलायला लागले की थांबतात." मी आजवर समजत होतो की मुद्दा नीट सांगायचा तर माणूस थांबतोच. मुलीने समजावलं: वय वाढतं तसं चालणं आपोआप होत नाही, डोक्याला त्याकडे लक्ष द्यावं लागतं, बोलण्यात लक्ष गेलं की पायांना पुरत नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९७ सालीच वृद्धाश्रमातल्या लोकांत पाहिलं होतं की बोलताना चालायचं थांबणारे पुढे जास्त पडतात. तेव्हापासून मी मंडईत मोबाइलवर बोलत चालत नाही. फोन आलाच तर दुकानाच्या कडेला उभा राहतो.

खुर्चीवरून उठ-बस, तीस सेकंद, दोन्ही हात छातीशी घडी घातलेले. पहिल्याच वेळी माझा हात नकळत मांडीवर गेला. "हात टेकला की गुण शून्य," ती म्हणाली आणि मग शिकवण्यापुरतं पुन्हा करायला लावलं. हात न लावता सात झाल्या. माझ्या वयाच्या पुरुषाला किमान अकरा जमाव्यात. तोलाच्या चाचणीत आधी पावलं जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकामागे एक, टाचेला अंगठा टेकवून, शेवटी एका पायावर. प्रत्येकी दहा सेकंद. तिसऱ्यात सहाव्या सेकंदाला मी तिचा हात धरला. चौथी तिने घेतलीच नाही. तळव्यांना नायलॉनचा बारीक धागा टेकवून "कळलं का" विचारलं. चौदा वर्षांच्या मधुमेहाने अंगठ्याखालची जागा मुकी केली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

खरी गोष्ट सापडली ती पलंगावर. पाच मिनिटं निजवून रक्तदाब घेतला: १३८/८०. मग उभं करून एका मिनिटाने: ११२/७०. तीन मिनिटांनी: ११६/७२. वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर ते महत्त्वाचं. माझा सव्वीसने उतरला होता. वर्षानुवर्षं माझा दाब खुर्चीत बसवूनच मोजला होता, आणि खुर्चीत तो उत्तम असायचा.

गोळ्यांची पिशवी रिकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी तीन पाकिटं बाजूला काढली. रक्तदाबाची गोळी, प्रोस्टेटची रात्री घ्यायची गोळी (तिनेही उभं राहिल्यावर दाब उतरू शकतो), आणि झोपेची अर्धी गोळी. ही अर्धी गोळी सात वर्षांपूर्वी हिच्या ऑपरेशनच्या धावपळीत सुरू झाली होती. लिहून देणारे डॉक्टर केव्हाच निवृत्त झाले, गोळी मात्र नोकरीत राहिली. म्हणजे रात्री साडेतीनला झोपेच्या गुंगीत, उतरलेल्या दाबाने, मुक्या तळव्यांनी, अंधारात मी घाईने उठत होतो. कोरड्या फरशीवर पडायला आणखी काय लागतं? स्वतःच्या मनाने मी एकही गोळी बंद केली नाही. डॉक्टरांनी झोपेची गोळी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवली आणि बाकी दोन्हींचं प्रमाण आणि वेळ बदलून दिली. आणि सांगितलं, उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, पोटऱ्या हलवा, मग उभे राहा.

काठी वडिलांची होती, मला दीड इंच उंच. हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीशी मूठ यायला हवी, म्हणून सुताराकडून कापून घेतली आणि खाली रबरी बूट बसवला. दुखरा गुडघा उजवा, आणि मी काठीही उजव्याच हातात धरत होतो. ती डाव्या हातात हवी, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मागून उघडी स्लीपर गेली, टाचेला पट्टा असलेली सँडल आली. दुहेरी चष्म्याच्या खालच्या भागातून पायऱ्या धूसर दिसतात, म्हणून फिरायला फक्त लांबचं दिसणारा वेगळा चष्मा केला.

एक गोष्ट मी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीला बोलून दाखवली. "तुमच्या सगळ्या परीक्षा खुर्चीवरच्या. आमचा अर्धा दिवस जमिनीवर जातो, पूजा, जेवण, नातवाशी पत्ते." ती हसली आणि चटई अंथरली. "तेच राहिलंय. आता खाली झोपा आणि एकट्याने उठून दाखवा."

उठता येईना. उताण्या पडलेल्या कासवासारखी धडपड झाली. मग तिने शिकवलं. पडल्यावर आधी काहीच करायचं नाही, पडून राहायचं, श्वास घ्यायचा, कुठे दुखतंय ते पाहायचं. खुब्यात कळ असेल तर हलायचं नाही, हाक मारायची, हाती लागेल त्याने फरशी वाजवायची. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर भार घ्यायचा, मग हातागुडघ्यांवर यायचं आणि रांगत जवळच्या खुर्चीपाशी जायचं. दोन्ही हात खुर्चीवर, बळकट पाय पुढे रोवायचा, रेटा देऊन उठायचं आणि लगेच फिरून बसायचं. सत्त्याहत्तराव्या वर्षी सुनेसमोर रांगलो. पहिल्यांदा लाज वाटली, तिसऱ्यांदा जमलं तेव्हा मात्र मीच पुन्हा एकदा करून दाखवलं.

घराचं वर्णन विचारलं, तेव्हा मी पुढच्या खेपेला नकाशाच नेला, प्रमाणात काढलेला. पलंग ते बाथरूम बावीस फूट, मध्ये एक सतरंजी, एक पायपुसणं, चार इंचांचा उंबरठा आणि दिव्याचं बटण पार दुसऱ्या टोकाला. नकाशा काढताना मलाच घाम फुटला. सतरंजी आणि पायपुसणं त्याच दिवशी गेलं, पलंगाशी बटण आणि वाटेवर रात्रीचा दिवा आला. प्लंबरने आधाराची दांडी म्हणून टॉवेलची दांडी ठोकली होती. मी भार दिला तशी ती भिंतीतून सुटून हातात आली, मग नीट बोल्ट मारून घेतली. उंबरठ्यावरून मात्र घरात दोन दिवस रण माजलं. ही म्हणाली, "अहो, रोज हळद-कुंकू वाहते मी त्याला, तो निघायचा नाही." शेवटी उंबरठा राहिला आणि त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा जाड पट्टा आला. ही आता त्या पट्ट्यालगत रांगोळी काढते.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, ओट्याला धरून: टाचा उचलणं, चवड्यांवर चालणं, आडवी पावलं, घोट्याला वजनाचे पट्टे बांधून पाय सरळ करणं. ही पद्धत न्यूझीलंडमधल्या ओटागोची, असं ती म्हणाली. पहिले तीन आठवडे मी टाळाटाळ केली, हेही सांगून टाकतो. मग नातवाने कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली आणि माझी पंचाईत झाली.

नोव्हेंबरात पुन्हा बोलावणं आलं. पावणेपाच आणे जायला-यायला तेरा सेकंद. उठ-बस दहा. उभ्याने रक्तदाब नऊनेच उतरला. एकामागे एक पाऊल ठेवून दहाचे दहा सेकंद उभा राहिलो. एका पायावर अजून चार सेकंदांवर जात नाही.

सगळं आटोपल्यावर तिने कागद पुढे ओढला आणि तोच पहिला प्रश्न विचारला. "काका, मधल्या काळात पडलात का?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

"एकदा पडलो," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधीचा सोमवार, सकाळी सव्वासात. शेताच्या बांधावरून उतरताना, पूर्वेच्या बाजूला. काठी होती. कुशीवर पडलो, खुबा दुखला नाही. रांगत जांभळीच्या झाडापर्यंत गेलो आणि बुंध्याला धरून उठलो."

"किती वेळ लागला उठायला?"

"घड्याळ लावलं नव्हतं," मी म्हणालो, "पण पाचेक मिनिटं लागली असतील."

ती लिहीत होती. सून माझी काठी हातात घेऊन तिचा रबरी बूट उलटसुलट करून पाहत होती. तो एका बाजूने झिजला होता.