शेवटचे शंभर मीटर

चारशे मीटरच्या शर्यतीत शेवटच्या शंभर मीटरमध्ये एखादा धावपटू वेग वाढवून पुढे निघून गेला, असे प्रेक्षकांना वाटते. प्रत्यक्षात तेव्हा सगळ्यांचाच वेग मंदावलेला असतो आणि ज्याचा सर्वांत कमी मंदावतो, तो जिंकतो. अनेक वर्षे स्पर्धांत धावल्यावर माझ्या सर्वाधिक उपयोगी पडलेली शिकवण हीच आहे. मांड्या शिशासारख्या जड होतात, जबडा आवळला जातो, खांदे कानांकडे चढू लागतात. अशा वेळी आणखी जोर लावण्याऐवजी खांदे सैल सोडून हातांची लय सांभाळणे सरावानेच जमते. कामाचा ताण वाढला की आजही मी आधी खांदे सैल करतो. सहकारी हसतात, तो भाग वेगळा.

नियमही बरेच शिकवतात. डेकॅथलॉनसारखे अनेक स्पर्धांचे संयुक्त क्रीडाप्रकार वगळता २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला, म्हणजे इशाऱ्याआधीच निघाल्यास, धावपटू बाद होतो. महिनोन्‌महिन्यांची मेहनत क्षणात संपते आणि पुढची शर्यत लगेच लागते.

प्रत्येक पराभव काहीतरी शिकवतो, हे मात्र मला पटत नाही. कधी कधी समोरचा केवळ अधिक वेगवान असतो. त्याच्याशी हस्तांदोलन करावे आणि पुढच्या आठवड्याच्या सरावाचे वेळापत्रक आखायला घ्यावे.