टेप खोटं बोलत नाही

आज ऑनलाइन वर्गात ताईंनी सगळ्यांना कंबर मोजायला लावली. परकराच्या नाडीपाशी नाही हं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. पोट आत ओढणाऱ्यांना लगेच हटकलं! भारतीयांसाठी मर्यादा बायकांना ८० सेंटीमीटर, पुरुषांना ९०. युरोपातल्या पुरुषांना मात्र ९४ चालतात, कारण आपण हातापायांनी बारीक दिसलो तरी चरबी पोटात, अवयवांभोवती साठते. नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटच उतरतं, हेही खरं नाही म्हणे. चालणं, ताकदीचे व्यायाम, झोप, आणि संध्याकाळचा फरसाण बंद. (हे शेवटचं सगळ्यात जड.) अहो मागून डोकावत होते, त्यांचीही मोजली. ९७! म्हणाले, "टेप जुना झालाय, नवा आण."