तुम्ही विचारलंत म्हणून: झाशीवाल्याचं घर

‘म्हणजे तुमचे पूर्वज झाशीच्या राणीविरुद्ध लढले?’

हा प्रश्न मला पंगतीत विचारून झालाय, ऑफिसात डबा उघडताना विचारून झालाय, एकदा तर मयतावरून परतताना रिक्षातसुद्धा. विचारणारे दोन प्रकारचे. एकांची भुवई वर जाते आणि माझ्या आडनावावर येऊन थांबते. दुसरी आमचीच पोरं. त्यांचे डोळे चमकतात, ‘काका, भारीच! स्टेटसला टाकू का?’ आजवर पहिल्यांना मी फटकारून बोललो आणि दुसऱ्यांना हसून टाळलं. आता एकदाच लिहितो.

हो. माझा खापरपणजा 1858 च्या एप्रिलमध्ये झाशीत होता. तटाबाहेर. मुंबई सैन्याच्या ‘पंचवीस नंबरात’, असं घरात म्हणतात. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी आमच्या घराला अजून ‘झाशीवाल्याचं घर’ म्हणतात. पेन्शनीत आल्यावर त्याने जोतं बांधून घर घेतलं. त्याआधी आमच्यात कुणाच्या घराला जोतं नव्हतं.

पुरावा काय, हेही विचारता. कागद म्हणाल तर नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं आहेत, त्यात मुंबई सैन्यातल्या गोऱ्या शिपायांच्या याद्या सापडतात. देशी शिपायाचं नाव मात्र तो सुभेदार-जमादार झाला किंवा शौर्याचं पदक मिळालं, तरच सापडायची आशा. आमचा शेवटपर्यंत शिपाईच राहिला. भीमा कोरेगावच्या खांबावर महार शिपायांची ‘नाक’ जोडलेली नावं तरी कोरलेली आहेत. याच्या नावाच्या शेवटीही ‘नाक’ होतं, पण ते कुठेच कोरलेलं नाही. ‘सेंट्रल इंडिया’ची पट्टी असलेला चांदीचा बिल्ला होता म्हणतात. तो मोडून माझ्या पणजीने बुगड्या केल्या.

पलटणीचं मात्र पक्कं कळतं. झाशीवर चालून आलेल्या इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत 25वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री होती. 3 एप्रिलला झाशीच्या तटावर डावीकडून चढाई झाली ती 86वी गोरी पलटण आणि ही 25वी यांची. तिथून पुढे वाड्यापर्यंत गल्लीगल्लीत लढाई.

पंचविशीत असताना माझं उत्तर तयार होतं. महिना 7 रुपये पगार, अंगावर डगला, आणि कवायतीच्या रांगेत शेजारी मराठा उभा असला तरी सावलीचा विटाळ नाही. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याने गावासाठी मरावं ही अपेक्षा कुणी करावी? कुठली राणी नि कुठलं राज्य! वाद घालणाऱ्याला मी हे तोंडावर फेकायचो आणि समोरचा गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याची मला चटक लागली होती, हे आज कबूल करतो.

कारण त्यातली एक गोष्ट मी तेव्हा सोयीने विसरायचो. याच मुंबई सैन्यातली 27वी पलटण 31 जुलै 1857 ला कोल्हापुरात उठली. म्हणजे उठता येत होतं. त्याची शिक्षा भयंकर झाली, पण उठणारे उठले. आणि राणीच्या बाजूने लढली अशी लोक जिची गोष्ट सांगतात, ती झलकारीबाई कोरी या दलित समाजातली. ती तटाच्या आत होती, आमचा बाहेर. ‘पर्यायच नव्हता’ हे वाक्य मी आता वापरत नाही. त्याने निवड केली की हुकूम पाळला, हे मला कळायला मार्ग नाही.

कुणी उठाव म्हणा, कुणी स्वातंत्र्यसमर. आमच्या घरापुरती ती यादवी. राणीच्या सासरचे नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे, तटाच्या आत मराठी बोलणारी कितीतरी घरं, आणि तटाला शिड्या लावणाऱ्यांत आमचा हा कोकण्या.

आता तांब्याचं सांगतो. इतकी वर्षं ते टाळत आलो.

वडील गेल्यावर भांड्यांची वाटणी झाली. आत्याने फडक्यात बांधलेला एक तांब्या माझ्यासमोर ठेवला. गंगाजमनी, खाली तांबं, वर पितळ, दीड मुठीएवढा. ‘झाशीवाल्याचा,’ एवढंच म्हणाली. काळाकुट्ट झाला होता. घरी आणून चिंच नि राखेने घासायला बसलो. अर्ध्या तासाने काठाखाली टोचे दिसायला लागले. भांड्यावर नाव घालताना मारतात तसे, ठिपक्याठिपक्याचे. मी बोट फिरवलं. पहिली दोन-तीन अक्षरं ठोकून सपाट केल्यासारखी. शेवटी स्वच्छ बाळबोध: ‘बाई’.

मोरीत तसाच उकिडवा बसून राहिलो. नळ चालू होता.

विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीत अडकले होते. पेणजवळच्या वरसईचे, दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेत गेलेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला आणि मी तो कॉलेजातच वाचला होता. शहरातली कत्तल, लपलेली माणसं, मग दिवसांमागून दिवस चाललेली लूट, सोन्या-रुप्यापासून तांब्या-पितळेच्या भांड्यांपर्यंत. तेव्हा वाचताना मी त्यात गोरे पाहिले, मद्रासी पाहिले, हैदराबादवाले पाहिले. आमचा माणूस त्या पानांवर शोधायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. एक कोकण्या जीव मुठीत धरून लपलेला आणि दुसरा कोकण्या बंदूक घेऊन त्याच गल्ल्यांत.

नंतर मी मनातल्या मनात त्याची वकिली सुरू केली. पुण्याच्या तांबट आळीत तांब्या दाखवला. कारागिराने तो उलटा केला, नखाने टिचकी मारली नि म्हणाला, ‘बूड बदललंय. गळा जुना आहे. किती जुना ते विचारू नका.’ मला बरं वाटलं. लुटीचा माल सरकारजमा करून लिलावात विकायची पद्धत होती, तेव्हा त्याने पैसे मोजून घेतला असेल. महूच्या बाजारात घेतला असेल. शिपायांच्या बायका छावणीत राहायच्या आणि छावणीत शाळा असायची. त्याच्याच बायकोचं नाव असेल. मग आधीची अक्षरं कुणी ठोकली? पोचा काढताना ठोकली गेली असतील. असं मी स्वतःशीच उलटतपासणी घेत वर्षभर काढलं.

पंचविशीतला मी असतो तर म्हणालो असतो, बरं झालं आणला. ज्या घरात आमच्या हातचं पाणी चाललं नसतं, त्या घरचा तांब्या आमच्या मोरीत आला. हे वाक्य मला अजूनही सुचतं, आणि ते खोटं आहे असं मला म्हणवत नाही. पण तो हातात घेतला की अंगठा आपोआप ‘बाई’वर जातो. त्यातून पाणी पिणाऱ्या त्या बाईला वाड्यातलं राजकारण ठाऊक होतं का, ती कुठल्या जातीची, ती वाचली का, काही माहीत नाही. झाशीत आमच्यासारखी घरंही होतीच की.

आत्याला फोन केला. म्हटलं, तुला ती अक्षरं ठाऊक होती? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आमची आई सांगून गेलीय, तो घासायचा नाही. तू घासलास होय रे?’

तांब्या आता कपाटात आहे. वर पुन्हा हिरवं चढायला लागलंय. मागच्या महिन्यात पुतणी तो वास्तुशांतीला मागायला आली, म्हणाली, जुनं आहे, फुलं ठेवीन त्यात, आजकाल छान दिसतं. मी दुसरा दिला.