वाईट दिवसाचा स्कोअर

गोल्फच्या कोर्सवर पंधराव्या होलवर भाच्याचा चेंडू उजवीकडच्या कुंपणापलीकडे गेला, तेव्हा बॅग माझ्या खांद्यावर होती. व्यावसायिक गोल्फमध्ये शिरण्यासाठीची गेल्या वर्षीची पूर्वपात्रता फेरी, दुसरा दिवस. दंडाचा एक फटका, पुन्हा त्याच टीवरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मार, चौथ्या फटक्यात ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक गवत) आणि मग तीन पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचे हलके फटके. चार पारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपवायच्या होलवर सात. संध्याकाळी यादी लागली. दोन फटक्यांनी पुढची फेरी हुकली.

येरवड्याच्या कोर्सवर गेली तीन वर्षं लोक त्याला म्हणत होते, “शून्य हँडिकॅप आहे, आता प्रो हो.” मीही म्हणत होतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडू चांगल्या दिवशी पारपेक्षा साधारण किती फटके जास्त घेतो, तो आकडा. आज वाटतं, आम्ही सगळे चुकीचा आकडा बघत होतो.

परतीच्या ट्रेनमध्ये तो वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याची वही उघडली. हँडिकॅप काढताना शेवटच्या २० फेऱ्यांमधल्या सर्वोत्तम ८ धरतात. बाकीच्या १२ सोडून देतात. त्याच्या त्या आठ फेऱ्या एकाहत्तर-बहात्तरच्या आसपास होत्या, अगदी देखण्या. उरलेल्या बारांमध्ये ७६ होते, ७८ होते, एकदा तर ८१. हौशी खेळात या बारा फेऱ्यांचा हिशेब कुणी विचारत नाही. व्यावसायिक खेळात सगळा हिशेब त्यांचाच. पीजीटीआयच्या, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्याच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर कट लागतो, म्हणजे वरचे ठरावीक खेळाडूच पुढे खेळतात. त्याच्या बाहेर राहिलात तर बक्षिसाचा एक रुपयाही मिळत नाही. प्रवेश शुल्क, प्रवास, लॉज, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) हे मात्र तुमच्याच खिशातून जातं. एक ८१ आला की आठवडा बुडाला.

त्या रात्रीनंतर सराव बदलला. आधी सकाळचा पाऊण वेळ ड्रायव्हर (लांब मारायची काठी) चालायचा, कारण लांब मार बघायला लोक थांबतात. आता तीन-चार फुटांचे पट सलग पन्नास, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आठ फुटांवरून जगातले सर्वोत्तम खेळाडूही निम्मेच पट घालतात. हे कळल्यापासून तो तिथे स्वतःवर चिडायचा थांबला, आणि पहिला पट तीन फुटांच्या आत आणून ठेवायला शिकला. पावसाळ्यात मुद्दाम ओल्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या गवतावर) खेळायचा. झोप झालेली नसताना, पोट बिघडलेलं असताना खेळायचा. “मामा, आज अजिबात लागत नाहीये,” असं म्हणाला की मी म्हणायचो, “मग आजचाच स्कोअर महत्त्वाचा. चल.”

प्रो कधी व्हायचं याचं एकच वय नसतं. शुभंकर शर्मा सोळाव्या वर्षी झाला. आपल्या पुण्याचा उदयन माने भारताकडून हौशी म्हणून खेळून २०१५ मध्ये व्यावसायिक झाला, आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यावर ऐन वेळी मिळालेल्या जागेवर खेळला. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात करणाऱ्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, तोवर एकाही भारतीय व्यावसायिकाला ती जिंकता आली नव्हती. अली शेरची गोष्ट मी भाच्याला किती वेळा सांगितली असेल! बॅग उचलणाऱ्या माणसाला कोर्स पायांनी पाठ होतो, हे मला आता स्वतःच्या खांद्यावरून कळतं.

घाई करू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. जानेवारी २०२२ पासून नियम सैल झाले. हौशी खेळाडू प्रायोजक घेऊ शकतो, जाहिरात करू शकतो. रोख बक्षीस मात्र फक्त हँडिकॅपविना खेळायच्या स्पर्धांतच घेता येतं, तेही १००० डॉलरपर्यंत. म्हणजे हौशी राहूनही खर्चाचा काही भार हलका करता येतो. एकदा व्यावसायिक झालं की परत हौशी व्हायला अर्ज करावा लागतो. ओळखीच्या एका उद्योजकांनी त्याचे चेंडू आणि प्रवास उचलला आहे. बाकीच्यासाठी दाजींनी वेगळं खातं उघडलं आणि ताईला सांगितलं, “दोन वर्षं. तोपर्यंत याला नोकरीचं विचारायचं नाही.” ताईने विचारलेलं नाही. पहाटे साडेचारला डबा तयार असतो.

यंदा पूर्वपात्रता पार झाली तर पुढे अंतिम फेरी, चार दिवस, ७२ होल. काल त्याने वही माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या २० फेऱ्यांमधली सगळ्यात वाईट ७५ आहे. चांगल्या आठ मात्र गेल्या वर्षीसारख्याच, एका फटक्यानेही सुधारलेल्या नाहीत. मी दोन आठवड्यांची रजा टाकली आहे. बॅगचा पट्टा उसवला होता, तो काल मोच्याकडून दुहेरी शिवून आणला.