हे शास्त्रात कुठंय?

आमच्याकडे बायबलवरचा सिनेमा लावला की दोन तासांचा सिनेमा साडेतीन तासांनी संपतो, कारण रिमोट मामाच्या हातात असतो. डाव्या मांडीवर शास्त्र, म्हणजे बायबल, उजव्या हातात रिमोट, आणि अंगठा पॉजच्या बटणावर असा टेकवलेला की जणू नेम धरून बसलाय. त्या बटणावरच्या दोन उभ्या रेघा केव्हाच पुसल्या गेल्यात. आणि मग ते येतंच. "थांब थांब थांब. हे शास्त्रात कुठंय?" थांब कुणाला म्हणतो काय माहीत, पॉज तर त्यानेच केलेलं असतं.

२०१४ चा 'नोहा' बघितला त्या दिवशी तर कहर झाला. त्यात तारू, म्हणजे महापुरातून वाचायला नोहा बांधतो ते जहाज, बांधायला दगडाचे अवाढव्य राक्षस मदत करतात, म्हणजे स्वर्गातून पडलेले दूत आणि त्यांच्या अंगावर दगड थिजलेला वगैरे. मामाने तिथेच पॉज केलं, एक राक्षस दोन्ही हात वर करून तसाच उभा, आणि मामा उत्पत्तीचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, सहावा अध्याय काढतोय. महाकाय माणसांचा उल्लेख सापडला, त्यावर जरा विचारात पडला, मग म्हणाला, "महाकाय आहेत. पण दगडाचे नाहीत." प्ले. पुढे दहा मिनिटांनी परत पॉज, "सुना कुठायत?" कारण शास्त्राप्रमाणे तारवात आठ माणसं गेली, नोहा, त्याची बायको, तीन मुलं, तीन सुना, आणि सिनेमात बायको शेम या एकाच मुलाला. मामाला दगडी राक्षस एकवेळ चालले असते, पण दोन सुना परस्पर गाळल्या हे काही त्याला पचलं नाही, जेवताना पण तेच चाललं होतं.

मी नंतर उत्पत्तीचे ते चार अध्याय नीट वाचले, मामाची चूक काढायची म्हणून खरंतर, आणि एक गंमत सापडली. अख्खा महापूर येऊन जातो तरी नोहा तोंडातून एक शब्द काढत नाही. देव बोलतो, भरपूर बोलतो, तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच, मजले तीन, सगळी मापं सांगतो, आणि नोहा नुसता कामाला लागतो. पहिल्यांदा बोलतो तो पूर ओसरल्यावर, द्राक्षारस पिऊन झोपतो आणि उठल्यावर नातवाला शाप देतो, तेव्हा. आता सव्वादोन तासांचा सिनेमा, हिरो रसेल क्रो, त्याला काय मुका ठेवणार? काहीतरी बोलायला लावणारच, आणि त्याने तोंड उघडलं की ते शास्त्रात नसणारच. म्हणजे मामाचा अंगठा बटणावर जाणार हे स्क्रिप्ट लिहिली तेव्हाच ठरलेलं होतं.

मामा एकटाच असा नाही म्हणा. त्या सिनेमाच्या वेळी स्टुडिओला जाहिरातीत खुलासा टाकावा लागला होता की ही मूळ कथेवरून प्रेरित कलाकृती आहे, मूळ कथा उत्पत्तीत वाचा. काही देशांत तर तो लागलाच नाही, कतार, बहारीन, यूएई, कारण तिथे नोहाला संदेष्टा मानतात आणि संदेष्ट्याला पडद्यावर दाखवणंच मान्य नाही. त्याच वर्षी मोशेवरचा 'एक्सोडस' आला, त्यावर इजिप्तने बंदी घातली, म्हणे इतिहासाची मोडतोड केलीय. म्हणजे मोठमोठी सरकारं पण शेवटी पॉजच दाबतात, फक्त परत प्ले करत नाहीत.

मला यात सिनेमापेक्षा बघणारे जास्त इंटरेस्टिंग वाटतात. कारण मामाची पकड जबरदस्त असली तरी ती सगळीकडे सारखी नसते. काही गोष्टी शास्त्रात नसताना त्याच्या नाकाखालून आरामात जातात. येशूच्या जन्माच्या सिनेमात मरीया गाढवावर बसून बेथलेहेमला जाते, पॉज नाही. सराईवाला दार उघडून जागा नाही म्हणतो, पॉज नाही. एदेन बागेत सफरचंद, पॉज नाही. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, गाढव नाही, सराईवाला पण नाही, उतारशाळेत जागा नव्हती एवढंच एक वाक्य आहे, आणि उत्पत्तीत नुसतं फळ आहे, कुठलं ते लिहिलेलंच नाही. पण हे सगळं मामाने संडे स्कूलच्या चित्रांत बघितलंय, लहानपणी नाटकात तो स्वतः सराईवाला झालेला आहे (डायलॉग एकच होता, तो अजून म्हणून दाखवतो), त्यामुळे ते त्याच्या लेखी शास्त्रातच आहे. उलट एखाद्या दिग्दर्शकाने गाढव काढून टाकलं तर मामा पॉज करून गाढव कुठंय विचारेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

येशूवरची 'द चोझन' सिरीज आली तेव्हा हा प्रकार फारच रंगला. तिथे पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलंय की काही पात्रं, काही संवाद आम्ही घातलेत, शुभवर्तमानं तुम्ही वाचा. मामाने ते वाचलं, मान डोलावली, आणि येशूचा शिष्य पेत्र, त्याची बायको दिसल्याबरोबर पॉज केलं. "याला बायको कुठून आली?" मी म्हटलं मार्क काढ, पहिला अध्याय. तिथे शिमोनाची, म्हणजे पेत्राचीच, सासू तापाने पडलेली असते आणि येशू तिला बरं करतो. मामाने दोनदा वाचलं. मी म्हटलं, "सासू आहे ना? मग बायको असल्याशिवाय सासू कुठून येईल?" मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "असेल. पण एवढी बडबडी नसेल."

मला वाटलं जिंकले, म्हणून तोंडातून निघून गेलं की मग बाळ येशूला बघायला आलेले मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तीन होते हे तरी कुठं लिहिलंय? मत्तयमध्ये आकडा नाहीये. सोनं, ऊद, गंधरस अशा तीन भेटी आहेत, माणसं किती ते सांगितलेलं नाही. मामाने मत्तयचा दुसरा अध्याय काढला, बोट ठेवून ओळीन् ओळ वाचली, पान उलटून पुढचं पण बघितलं, मग चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. "तीन भेटी म्हणजे तीनच जण. एकटा दोन कशाला आणेल?" आणि प्ले. सासूवरून बायको चालत नाही पण भेटींवरून माणसं मोजायची, असा सगळा न्याय.

आजीचं वेगळं. तिला शास्त्राशी ताडून बघायचं नसतं, चेहऱ्याशी ताडायचं असतं. येशू दिसायला कसा होता हे चारही शुभवर्तमानांत कुणीच लिहिलेलं नाही, उंची नाही, रंग नाही, दाढीसुद्धा नाही, पण आजीला तो पक्का माहितीय. तिचा येशू म्हणजे १९७७ च्या 'जीझस ऑफ नाझरेथ' मधला रॉबर्ट पॉवेल, निळे डोळे, पापणी जवळजवळ लवतच नाही. त्याच्यानंतर जो कुणी येशू झाला त्याला बघून आजी पहिल्या मिनिटाला निकाल देते, "हा नाही तो." एका कलाकाराचं नाक तिला आवडलं नाही म्हणून अख्खा सिनेमा पाठ करून बसली. आणि मी काय बोलणार, माझ्या डोक्यातला येशू तरी कुठून आला? १९४० मध्ये वॉर्नर सॉलमन नावाच्या अमेरिकन चित्रकाराने काढलेलं ते तपकिरी उजेडातलं चित्र, लांब केस, वर बघणारी नजर, त्याच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या, त्यातलीच एक लहानपणी माझ्या पलंगाच्या वर होती. द चोझनच्या जोनाथन रूमीला बघून पहिल्या दिवशी आजी म्हणाली, "हा फार हसतो." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हसतो पण चांगलं हसतो." यापुढे कौतुक जाणार नाही.

चेहऱ्याच्या भानगडीतून सगळ्यात हुशारीने सुटला तो १९५९ चा 'बेन-हर'. सगळे रथांच्या शर्यतीबद्दल बोलतात, मला त्यातला पाण्याचा सीन आवडतो. साखळदंडात बांधलेल्या कैद्यांना नाझरेथला विहिरीपाशी थांबवतात, रोमन अधिकारी बेन-हरकडे बोट करून याला पाणी नाही म्हणतो, तो मातीत कोसळतो, आणि एक हात येतो, त्याच्या डोक्यावर पाणी घालतो, प्यायला देतो. आपल्याला फक्त पाठ, केस आणि हात दिसतो. अधिकारी ओरडत चाबूक घेऊन येतो, हा माणूस उभा राहतो, त्याच्याकडे बघतो, आणि कॅमेरा आपल्याला त्या अधिकाऱ्याचं तोंड दाखवतो. त्याचा आधी राग, मग गोंधळ, मग तो नजर वळवतो, परत एकदा बघतो आणि मुकाट मागे फिरतो. येशूचा चेहरा आपण त्या रोमन माणसाच्या चेहऱ्यावर बघतो. इथे मामाने आजवर एकदाही पॉज केलेलं नाही, खरंतर हा सीन शास्त्रात अजिबात नाही, आणि आजीनेही कधी हा नाही तो म्हटलेलं नाही, कारण तिथे तिचाच आहे.

देवाच्या आवाजाचा पण असाच घोळ असतो. १९९८ च्या 'प्रिन्स ऑफ इजिप्त' मध्ये मोशे आणि देव दोघांना व्हॅल किल्मरचाच आवाज आहे, ते भाचीच्या सोडून कुणाच्या लक्षात आलं नाही, "देव मोशेसारखाच का बोलतो?" एवढं विचारून ती पुढे गेली. 'एक्सोडस' मध्ये देवाच्या वतीने एक हट्टी चेहऱ्याचा लहान मुलगा बोलतो, तिथे मात्र मामा उठून पाणी प्यायला गेला. भाचीला देवाबिवाचं काही नसतं, तिला तांबडा समुद्र दुभंगला की मासे बाहेर का पडत नाहीत हे हवं असतं. 'प्रिन्स ऑफ इजिप्त' मध्ये पाण्याच्या भिंतीत वीज चमकते आणि आत एक प्रचंड सावली पोहताना दिसते तेव्हा ती सोफ्यावर उभी राहिली. मग मी तिला १९५६ चा 'टेन कमांडमेंट्स' दाखवला आणि सांगितलं की तेव्हा सिनेमात कॉम्प्युटर नव्हते, टाकीत पाणी ओतताना शूट केलं आणि फिल्म उलटी लावली. "म्हणजे समुद्र रिवाइंड केला?" मी म्हटलं हो. तिला चमत्कारापेक्षा हेच जास्त आवडलं.

आणि सगळ्यात भारी रिअॅक्शन कुणाची विचाराल तर दादासाहेब फाळक्यांची. 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' नावाचा मूकपट बघत बसले होते, पडद्यावर ख्रिस्त आणि यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय. बायकोला, सरस्वतीबाईंना, घेऊन परत तोच बघायला गेले, आणि १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'. पडद्यावर एक सिनेमा आणि डोक्यात दुसरा हे सगळ्यांचंच होतं, आपण त्यावरून दिग्दर्शकाशी भांडतो आणि या माणसाने डोक्यातला काढायला घेतला.

भांडण म्हटलं की १९८८ आठवतं, 'लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट'. त्यात येशूला साध्या संसाराचा मोह पडतो एवढं कानावर आल्याबरोबर लोक रस्त्यावर उतरले, पॅरिसमध्ये तर थिएटरला आग लावली, आत बसलेले प्रेक्षक भाजले. निदर्शनं करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी तो बघितलेलाही नव्हता. मामाबद्दल एक मला मानावंच लागेल, तो निदान बघून मग पॉज करतो.

'पॅशन ऑफ द ख्राइस्ट' आम्ही खूप उशिरा बघितला. २००४ चा तो, सगळा अरामी, लॅटिन आणि हिब्रूत, खाली सबटायटल्स. रिलीजच्या आधीपासून ज्यू लोकांवर रोख आहे म्हणून वाद पेटलेला, शेवटी मत्तय २७:२५ चं, जमाव येशूच्या रक्ताची जबाबदारी स्वतःवर घेतो ते वाक्य आवाजात राहिलं आणि सबटायटलमधून काढलं. मामाने हे आधी वाचून ठेवलेलं, शास्त्र मांडीवर, खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या, पूर्ण तयारी.

आजीचं एक ठरलेलं आहे, कुठलाही येशूचा सिनेमा असो, खिळे ठोकायची वेळ आली की ती उठून आत जाते आणि थोड्या थोड्या वेळाने आतून विचारते, "उठला का गं?" म्हणजे मेलेला परत जिवंत झाला का. आम्ही उठला म्हटलं की बाहेर येते. या वेळी ती फटक्यांच्या सीनलाच उठली. आणि तो सीन संपेचना. आतून आवाज आला, "उठला का?" मी म्हटलं, नाही गं अजून. भाषा कळत नसली तरी फटक्याचा आवाज सगळीकडे सारखाच. "अजून मारतायत?" हो. मग वधस्तंभ घेऊन चालणं, पडणं, परत उठणं, परत पडणं. "आता?" नाही. मामाने एकदाही पॉज केलं नाही. चिठ्ठ्या तशाच. मी मध्ये एकदा त्याच्याकडे बघितलं तर रिमोट सोफ्यावर पडलेला आणि चष्मा हातात.

या सिनेमात पुनरुत्थान फार थोडं आहे, जेमतेम एक मिनिट असेल. धोंड सरकते, उजेड आत येतो, तागाचं कापड आतलं अंग गेल्यासारखं हळूहळू बसतं, मग तो, आणि उठून निघताना हाताला आरपार भोक. संपलं. मी ओरडले, "आजी, उठला!" पण ती गुडघ्यावर हात ठेवत दारापर्यंत येईस्तोवर पडदा काळा आणि नावं सुरू.

"झालं पण?" आजी दारातच थांबली. "एवढा वेळ मारलं आणि उठला तो मिनिटभर?"

मामाने रिमोट उचलला. चारही शुभवर्तमानांत त्याला उठताना प्रत्यक्ष कुणी बघितल्याचं लिहिलेलं नाही, बाया कबरेपाशी येतात तेव्हा ती रिकामीच असते, आणि हे मामाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याने शास्त्र उघडलं नाही. मागे घेतलं, जरा जास्तच मागे गेलं, आजीने तोंड फिरवलं, मग पुढे आणून बरोबर धोंडेपाशी लावलं. आजी उभ्यानेच बघत होती, चेहरा आला तेव्हा पुढे सरकून अगदी टीव्हीजवळ गेली, हा नाही तो म्हणेल असं मला वाटलं.

"परत लाव," म्हणाली.

मामाने परत लावलं.