माझा विषय

मंगळवार, रात्री

"तुझा कधीच काही विषय नसतो गं." ताई एवढंच म्हणाल्या, तेही वही मिटता मिटता. प्रार्थनेचे विषय लिहून घेत होत्या. मी आईच्या डोळ्यांचं सांगितलं, धाकट्याच्या मुलाखतीचं सांगितलं, त्या दोघांच्या अबोल्याचं सांगितलं. स्वतःचं विचारल्यावर नेहमीचंच, "माझं ठीक आहे." त्यात खोटं काय होतं? माझं ठीकच असतं. ठीक राहावं लागतं.

ते वाक्य काही पाठ सोडेना. आधी रागच आला. ज्यांचं सगळं दुसरं कुणीतरी निभावतं, त्यांना देवावर भार टाकणं सोपं जातं, असं मनात आलं. आईचे कागद कोण सांभाळतं? रात्री-अपरात्री फोन आला तर कोण उठतं? सगळे म्हणतात, "ती आहे ना." आणि मी असतेच. मला मात्र कुणी... जाऊ दे, तो विषय नको आज.

राग ओसरला तरी बोच राहिली. ताईंनी आळ घेतलाच नव्हता, दिसलं तेवढं बोलून दाखवलं होतं.

रोजचं वाचन सध्या बायबलमधल्या २ इतिहास या पुस्तकात आहे, यहूदाचा राजा आसा याच्यापाशी. १४व्या अध्यायात कूश देशाचा जेरह १० लाखांचं सैन्य आणि ३०० रथ घेऊन चालून येतो. आसाकडेही ५ लाख ८० हजार माणसं आहेत, तरी तो देवाचा धावा करतो, आमची भिस्त तुझ्यावर म्हणतो. पुढे कारकिर्दीच्या ३६व्या वर्षी शेजारच्या इस्राएलचा राजा बाशा रामा नगर मजबूत करून वाट अडवतो. या वेळी प्रार्थनेचा उल्लेखच नाही. आसा मंदिरातलं नि राजवाड्यातलं सोनंरुपं काढून मदतीसाठी अराम देशाच्या राजाला पाठवतो, अरामी फौजा बाशाची नगरं मारतात, आणि बाशा बांधकाम सोडून देतो.

म्हणजे युक्ती चालली! हा भाग याआधीही वाचला होता, पण टोचला आज. फसली असती तर आसा कदाचित पुन्हा गुडघ्यांवर आला असता. चालली, म्हणून हनानी नावाचा द्रष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, जाब विचारायला आला तेव्हा त्यालाच कैदेत टाकलं. ३९व्या वर्षी पायांना रोग झाला, फार बळावला, तरी तो वैद्यांकडेच धावला, परमेश्वराकडे वळला नाही. वैद्याकडे जाणं हा दोष नव्हे, असं मी तरी समजते. आईला तपासायला मीच नेते आणि नेत राहणार. पण ज्याने एकदा इतक्या जिवाच्या आकांताने हाक मारली होती, त्याला दुखण्यातसुद्धा हाक मारावीशी वाटू नये?

मलाही बरंच जमतं. जमत आलं आहे. प्रार्थना रोज करते, पण सगळं ठरवून झाल्यावर: प्रभू, मी असं असं करणार आहे, आशीर्वाद दे. त्याला ठरवायला काही उरतच नाही.

मग नव्या करारातलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र उघडलं. पौल लिहितो, आशियात (तेव्हाचा रोमी प्रांत) आमच्यावर एवढा भार पडला की जगण्याचीही आशा उरली नाही. आणि हे का, तर आम्ही स्वतःवर नव्हे, मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा म्हणून. पौल! ख्रिस्ती मंडळ्या उभ्या करणाऱ्या माणसालाही हे शिकावं लागलं. वाचून हलकं वाटलं, खरंच. मी काही फार मागे पडलेली नाही.

काम मी टाकणार नाही. यरुशलेमचा तट पुन्हा बांधताना नहेम्याच्या लोकांनी प्रार्थनाही केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. सोडायची आहे ती भीती, की मी थकले तर सगळं थांबेल. थांबणार नाही. मी जन्मायच्या आधीही आई होती, आणि तिला सांभाळणारा होता.

परवा एका गोष्टीला होकार की नकार ते कळवायचंय. दोन्ही बाजू कागदावर मांडून झाल्या, मन मात्र कुठेच बसत नाही. मघाशी ठरवायच्या आधीच प्रभूला विचारलं, काय करू? उत्तर अजून आलेलं नाही. उद्या तो कागद पुन्हा उघडणार नाही, फक्त विचारत राहीन.